राणीच्या हातातला गडवा

खोटं सांगत असेन तर या चुलीतला निखारा उचलून जिभेवर ठेवा! एकेक शब्द खरा आहे, ओरडून सांगते, पार बोडीच्या तळ्यापलीकडं ऐकू जाऊ द्या. ज्याला शंका असेल त्यानं आत्ताच उठून जावं. मधेच "असं कसं" म्हणायचं नाही.

तर गावच्या म्हाल्यानं, न्हाव्यानं हो, उदारामची डावी मिशी उतरवली होती अन् वस्तरा उजवीकडं नेला होता, तेवढ्यात केशोराव पाटील मोहाच्या झाडाखाली येऊन उभे राहिले.

"थांब गा," पाटील म्हणाले. "यंदा मिशी काढून काही फायदा नाही."

म्हाल्याचा हात हवेतच राहिला. उदाराम तोंडाला साबण घेऊन तसाच पाटलांकडं पाहत राहिला.

आता उदाराम मिशी काढत होता ती हौसेनं नव्हे. सालेटोल्याच्या दंडारीत, नाचगाण्याच्या नाटकात, राणीचं सोंग त्याचं. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरायची, आखरावर, गावाबाहेरच्या मैदानात, दिवसाढवळ्या दंडार उभी राहायची, अन् लुगडं नेसून उदाराम असा चालायचा की खऱ्या बायका पदर सावरायच्या. पण त्याच्या मिशीखालची कातडी बगळ्यासारखी पांढरी होती. ती ऊन खाऊन बाकीच्या तोंडासारखी व्हायला दिवाळी उजाडायची. म्हणून दर साली भर पावसाळ्यात, रोवण्याच्या दिवसांत तो मिशी काढायचा.

"काऊन जी?" उदारामनं विचारलं.

"पिपरटोल्याची दंडार बोलावून राहिलो मी. आपल्या मंडईले."

"अन् दसरूची?"

"दसरूची राणी गडवा घेऊन दारात उभी आहे. कितीक साल झाले? माहा बाप मराच्या टायमाले विचारत होता, राजा आला का मनून. काय सांगू त्याले?"

पलीकडून पऱ्ह्याच्या, धानाच्या रोपांच्या, जुड्या टोपलीत घेऊन दुर्पता चालली होती. दंडारीची गाणी रचणाऱ्या दसरूची ही बायको. टोपली डोक्यावर, चिखलाचं पाणी कानामागून गळ्यात उतरत होतं, पण ती हलली नाही. पाटलांनी तिला पाहिलं अन् आवाज थोडा उतरवला.

"दुर्पता, सांग तुह्या मानसाले. पोळ्यापर्यंत गोष्ट पुरी झाली पाह्यजे. नाही त तुह्या भावालेच बोलावतो."

कारण पिपरटोल्याची ढोलकी वाजवायचा तो टिकाराम दुर्पताचा सख्खा भाऊ. गावात कोणी हसलं, कोणी खोकलं.

"पाटील," उदाराम रडकुंडीला येऊन म्हणाला, "मंग ही उजवी?"

"राहू दे तिले. दसरूनं पुरं केलं त काढ."

अन् तेव्हापासून उदाराम अर्धी मिशी घेऊन फिरू लागला. गोरेगावच्या बाजारात गेला तर उजवीकडचे लोक त्याला रामराम करत अन् डावीकडचे विचारत, ही कोण बाई?

*

दसरूला ओळखायचं असेल तर त्याच्या घरात शिरून पाहावं लागे. दाराला एक फळी होती, दुसरी करायची होती. खाटेला सुतळी होती ती कमरेपर्यंत. पाय ठेवायची जागा उघडी. परसात विहीर खणायला घेतली होती, तिला पाणी लागलं नव्हतं, पण तिच्यात बेडकं राहायला येऊन गेली, वाट पाहून परत गेली. हात मात्र असा की जे सुरू करील ते देखणं. त्या एका फळीवर त्यानं कोरलेला मोर पाहायला तिरोड्याहून माणसं यायची.

अन् गाण्याचं तर विचारूच नका. दसरूला लिहिता येत नव्हतं. सगळं डोक्यात. ढोलकी मांडीवर घेऊन त्यानं पहिलं कडवं म्हटलं की चोरखमाऱ्याच्या तलावातल्या मासोळ्या काठाला येऊन डोकी वर काढत. गोष्ट अशी: दूरचा एक डोंगर वाजतो. कोण वाजवतं कोणाला ठाऊक नाही. राजा पाहायला निघतो. राणी दारात उभी राहते, राजा आल्यावर पाय धुवायला हातात गडवाभर पाणी घेऊन. राजा चढतो, चढतो, अन् डोंगराचं वाजणं थांबतं.

बस. दसरूही तिथंच थांबत असे.

दुर्पता या घरात आली तीच त्या थांबण्यापायी. तिच्या बापानं दोन पोरं पाहून ठेवली होती. एकाकडं नहराच्या पाण्याखालची जमीन होती अन् चार हेले, चांगले धष्टपुष्ट रेडे. दुसरा हा, पिपरटोल्याच्या मंडईत एक गाणं अर्धं गाऊन गेलेला. बापानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, दसरू. तिला पुढं काय होतं ते ऐकायचं होतं. अजून ऐकत होती.

पाटलांचा निरोप तिनं चुलीजवळ बसून सांगितला. दसरू भात कालवत होता. त्याचा हात थांबला.

"टिकाराम आपल्या आखरावर वाजवन?"

"पाटील मनत होते."

"मंग वाजवू दे." त्यानं ताटाच्या कडेला बोटं पुसली. "थ्या दिवशी माही ढोलकी मी या चुलीत घालन. अन् मंग मले गानं मनून कोनी विचारू नका. तू पन नाही."

ओरडून म्हणाला असता तर दुर्पतानं ऐकून सोडून दिलं असतं. दसरू दिवसातून दोनदा काही ना काही चुलीत घालीन म्हणून ओरडायचा. पण तो हळू बोलला, अन् बोलून झाल्यावर भाताकडं पाहत राहिला. न गाणारा दसरू कसा असेल, ते दुर्पतानं पहिल्यांदा डोळ्यांसमोर आणून पाहिलं. घरात एक अनोळखी माणूस बसल्यासारखं वाटलं तिला. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पुन्हा आत सारलं.

*

गावाला कळलं की दसरूला पुरं करायला लावायचं आहे. मग काय, ज्याच्या त्याच्याकडं औषध!

पाटील म्हणाले, कोंडून घाला. दसरूला धानाच्या कोठीत बसवलं, बाहेरून कडी लावली. संध्याकाळी उघडलं तर तो हसतच बाहेर आला. कोठीत उंदीर होते. उंदरांच्या राजाच्या लग्नाची नवी दंडार त्यानं सुरू केली होती. वरात निघेपर्यंत झाली होती.

उदाराम म्हणाला, उपाशी ठेवा. एक कडवं म्हटलं की एक वाढा भात. दसरूनं पोटभर भात खाल्ला. प्रत्येक वाढ्याला एक कडवं दिलं, अन् प्रत्येक कडवं वेगळ्याच गाण्याचं पहिलं.

म्हाली म्हणाला, शपथ घालावी. शपथ घातली. दसरूनं शपथेवरच एक गाणं रचायला घेतलं.

"हे माह्या हातात नाही," तो दुर्पताला म्हणाला. खाटेच्या सुतळीच्या भागावर तो बसला होता, पाय जमिनीवर. "राजा डोंगरावर जाते तवरी मले सारं दिसते. झाडं दिसतेत, वाट दिसते. वर पोचला का कारंभोर अंधार. वर काहीच नसलं त?"

"नसलं त नसलं. खाली उतरवा त्याले."

"असा कसा उतरवू? लोकं विचारतीन, कायले गेलता?"

"मंग सांगा, उगाच गेलतो मनून."

"तुले नाही समजत वो."

दुर्पताला समजत होतं ते एवढंच, की त्याच्या राजाला कोणी हात लावत नव्हतं. राजा त्याचा, राणी त्याची, गडवाही त्याचा. अख्खा गाव दारापाशी उभा राहून विचारत होता अन् आत एकटा दसरू. इतक्या मोठ्या गोष्टीला एकच माणूस.

दुसऱ्या दिवशी ती रोवण्याला गेली.

*

रोवणा पाहिला नसेल त्याला सांगायला हवं. चिखल केलेल्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, बायका एका ओळीनं उभ्या राहतात, वाकतात, अन् पऱ्ह्याची रोपं चिखलात खोवत मागं मागं सरकतात. पुढं रोवलेलं दिसतं, मागं किती उरलं ते दिसत नाही. टाच धुऱ्याला, कडेच्या बांधाला, लागली की बांधी संपली. अन् सालेटोल्याची रीत अशी की या धुऱ्याला धरलेलं गाणं त्या धुऱ्यापर्यंत न्यायचं. गाणं मधेच तुटलं तर हाताचा ठेका तुटतो, ओळ वाकडी जाते, अन् मग वाकड्या ओळीचा धान पाहून येणारा जाणारा अख्ख्या हंगामभर हसतो. म्हणून गाणं संपत आलं अन् धुरा दूर असला, तर ओळीतल्या कोणीही पुढचं जोडायचं. कसंही जोडायचं, थांबायचं नाही.

पाटलांची मोठी बांधी होती. इतकी लांब की सकाळी या टोकाला वाकलेली बाई त्या टोकाला पोचेपर्यंत सासूची सून व्हायची अन् सुनेची सासू. बाजूच्या बांधीत दसरू हेले घेऊन चिखल करत होता. ओळीत सगळ्यांत मोठा आवाज रुख्माचा. रुख्मा विधवा, तोंडानं फटकळ. तिच्या पुढं पाटीलसुद्धा धोतर सावरून बोलायचे. दुर्पता मुद्दाम तिच्या बाजूला उभी राहिली, वाकली, अन् तिनं गाणं धरलं.

डोंगर वाजते गा राजा, कोन वाजवते?
राजा निंघाला पाहाले, वाट बोलावते.

रुख्मानं मान वळवली. "हे त तुह्या नवऱ्याचं होय."

"मना ना, मावशी. बांधी मोठी आहे."

बायकांनी उचललं. पहिली ओळ, दुसरी ओळ. राजा निघाला, जंगल आलं, नदी आली. बाजूच्या बांधीत दसरूनं हेल्यांना हाकलायचं सोडून कान दिला. त्याचं गाणं इतक्या गळ्यांतून त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्याची छाती भरून आली, ते दुर्पताला वाकल्या वाकल्या दिसलं.

राणी उभी दारात, हाती गडवा पान्याचा,
पाय धुवाले राजाचे, वेर झाला येन्याचा.

राजा चढला. डोंगर वाजायचा थांबला. अन् दुर्पता गप्प झाली.

ओळ बांधीच्या मधोमध होती. एक क्षण नुसता चिखलात रोपं खोवल्याचा आवाज.

"मंग?" रुख्मा म्हणाली.

"एवढंच आहे मावशी."

"एवढंच? अन् धुरा थ्या तिकडं! हात थांबवून राहिल्या का वो पोरीहो?" अन् रुख्मानं गळा खाकरला अन् जोडलं.

उभी राहून राहून राणीचे पाय दुखले,
राजा कुठचा येते बाई, ओठ तिचे सुखले.

कोणी तरी खुदकन हसलं. दुसरीनं पुढचं उचललं.

गडवाभर पानी राणी घटघट प्याली,
लुगडं खोचून बाई रोवन्याले गेली.

मग काय थांबतात! टाचा मागं, गाणं पुढं. राजा उतरून घरी येतो, दाराला कडी. हाका मारतो, कोणी नाही. गावभर हिंडतो. राणी गुडघाभर चिखलात.

राजा आला बांधीवर, पायाले फोड,
राणी मने, उभा कायले? धुऱ्यावर जोडे सोड.
पाय कायले धुतं राजा, चिखल आहे अजून,
घे पऱ्ह्याची जुडी हाती, ये ओळीत मिसळून!

टाचा धुऱ्याला लागल्या. बायका कंबर धरून सरळ झाल्या, इतक्या हसल्या की धुऱ्यावरचे बगळे उडून थेट प्रतापगडावर जाऊन बसले.

दसरू चिखल तुडवत आला. हेले तिथंच बसले होते. ते मग दुपारपर्यंत उठलेच नाहीत.

"हे काय लावलं?" त्याचं तोंड लाल झालं होतं. "राणी रोवन्याले जाते? राणी?"

"काऊन?" रुख्मा म्हणाली. "राणी भात खात नाही का?"

"अन् पानी पिऊन टाकते? राजाच्या पायाचं पानी?"

"तहान लागली तिले. कितीक साल उभी केली तूनं. हात गरून गेला असन बापा बाईचा."

"असं नाही होत थे! राजा असा उतरत नाही. वर त्याले..." दसरू थांबला.

"काय वर त्याले?"

 डोंगर खरंच त्या बांधीपलीकडं असल्यासारखा दसरू तिकडं पाहू लागला.

"तुह्यी राणी होय त तिले हलव," रुख्मा म्हणाली. "नाही त आमी हलवलीच आहे. चला वो, पुढची बांधी."

दसरूनं ओळीच्या टोकाला पाहिलं. दुर्पता खाली मान घालून जुडीची गाठ सोडत होती. गाठ सुटलेलीच होती.

"या बायायले कोनं शिकवलं हे गानं?"

"तुमीच जी," दुर्पता म्हणाली. "भिताडाले आयकवता, मी भिताडाच्या अलीकडंच."

तो वळला अन् धुऱ्याधुऱ्यानं चालू लागला, हात हवेत उडवत, कोणाशी तरी भांडत. नहरापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. बायका म्हणाल्या, दसरूला लागलं गं. दुर्पतानं पुढची जुडी उचलली. त्या दिवशी तिनं रोवलेली ओळ अशी सरळ निघाली की पुढं सरकारी मोजणीवाले आले तेव्हा साखळी टाकायच्या आधी त्यांनी तिच्यावरून हिशोब लावला.

*

दोन दिवस दसरू घरात येत जात राहिला, चिडून. "रोवन्याले!" म्हणायचा, अन् बाहेर जायचा. "घटघट प्याली मने!" म्हणायचा, अन् आत यायचा. तिसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आधी तो चुलीपाशी येऊन बसला. ढोलकी आणली नव्हती.

"आयक," म्हणाला. "खरं काय झालं थे आयक."

अन् त्यानं सांगितलं. राजा वर पोचला तेव्हा तिथं कोणी नव्हतं. एक पोकळ झाड होतं, जुनं, अन् त्याची एक सुकी फांदी. वारा आला की फांदी खोडावर आपटायची, तोच तो आवाज. वारा थांबला, आवाज थांबला. यासाठी राज्य सोडून आला होता राजा. त्याला खाली उतरायची लाज वाटली. तो तिथंच बसला. मग त्यानं ती फांदी हातात घेतली अन् आपणच खोडावर मारू लागला, की निदान राणीला कळावं आपण कुठं आहोत. राणीनं ऐकलं. हा आवाज वाऱ्याचा नाही, हे तिला एकटीला कळलं. गडवा घेऊन ती निघाली. काट्यांतून, दगडांतून, पाणी हिंदकळत. वर पोचली तेव्हा गडवा रिकामा. राजानं रिकाम्या गडव्यात पाहिलं, अन् पाय पुढं केले. राणीनं रिकाम्या गडव्यानं पाय धुतले.

सांगून झालं तेव्हा दसरू आपल्या हातांकडं पाहत होता.

"झालं?" दुर्पतानं विचारलं.

"झालं."

भात करपल्याचा वास दोघांनाही येत होता. दुर्पता उठली नाही.

*

पोळ्याच्या दिवशी बैल फिरून गेल्यावर पाटलांनी दसरूला बोलावलं. दसरू म्हणाला, पुरं झालं. पाटील म्हणाले, ऐकव. दसरू म्हणाला, मंडईतच ऐकवन. आधी ऐकवलं तर शिळं होतं. शेवटी उदारामनं नुसतं उभं राहायचं, मी गाईन तसं करायचं.

"म्हंजे नाही झालं," पाटील म्हणाले.

"झालं आहे जी," मागून दुर्पता म्हणाली. "मी आयकलं."

पाटलांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "पिपरटोला आला असता त तुहाच भाऊ आला असता. पाहुनचार तुह्याच घरी."

"हो जी."

"तरी मनते, झालं मनून?"

"हो जी."

"राजा येते का?"

"थे नाही सांगत."

पाटील हसले. सख्ख्या भावाच्या ढोलकीविरुद्ध साक्ष देणारी बाई त्यांनी तोवर पाहिली नव्हती. पिपरटोल्याला निरोप गेला नाही. अन् त्याच दिवशी उदारामनं उजवी मिशी काढली. गावानं सुटकेचा श्वास सोडला.

पण इकडं एक गोष्ट झाली होती, ती कोणाच्या ध्यानात आली नाही. सालेटोल्याचा रोवणा उरकला तेव्हा बायका मजुरीला पुढच्या गावी गेल्या. तिथून त्याच्या पुढच्या. गाणं त्यांच्याबरोबर गेलं. निंदणाला गेलं, कापणीला गेलं. गाडीत बसून गोंदियालासुद्धा गेलं म्हणतात, अन् तिथं विड्या वळणाऱ्या बायकांनी त्यात दोन कडवी हिंदीत घातली.

मंडई भरली. शेव, जिलेबी, पानाचे ठेले, बांगडीवाल्या. गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांची ढाल वाजतगाजत नाचून गेली. आखरावर माणूस मावेना. पिपरटोल्याहून टिकाराम आला, पुढं जागा धरून हाताची घडी घालून बसला. दंडार उभी राहिली. दसरूनं ढोलकीवर थाप दिली तेव्हा जिलेबीवाल्याच्या कढईतलं तेल शांत झालं, खरंच सांगते.

राजा निघाला. जंगल झालं, नदी झाली. उदाराम राणी होऊन दारात उभा राहिला, हातात काशाचा गडवा, काठोकाठ पाणी. राजा वर पोचला. ढोलकी थांबली. इतकी शांतता की टिकारामची घडी सुटली.

दसरूनं श्वास घेतला, अन् आपलं कडवं म्हणायला तोंड उघडलं.

बायकांच्या बाजूनं आवाज आला. रुख्माचा. तिची चूक म्हणावी तर चूक नव्हती. गाणं थांबलं होतं अन् धुरा लागला नव्हता. तिच्या अंगात तेवढंच मुरलं होतं.

उभी राहून राहून राणीचे पाय दुखले...

अन् लगोलग सगळ्याच. सालेटोल्याच्या, पिपरटोल्याच्या, कुठल्या कुठल्या गावच्या. इतक्या बायका एका सुरात कधी कोणी ऐकल्या नव्हत्या. पुरुष माना वळवून पाहू लागले. पाटील उठून उभे राहिले. उदाराम गडवा धरून या पायावरून त्या पायावर होत होता, पाणी लुगड्यावर सांडत होतं. तो डोळ्यांनी दसरूला विचारत होता, काय करू गा?

दसरूचा हात ढोलकीच्या वर, हवेत होता. त्याचा शेवट त्याच्या जिभेवर होता. त्यानं गर्दीत दुर्पताला शोधलं. ती गात नव्हती. पदर तोंडावर धरून त्याच्याकडं पाहत होती, एकटी गप्प.

दसरूनं तिच्याकडं बरंच पाहिलं. मग त्याचा हात खाली आला. राजाचा ठेका नव्हता तो. वाकून मागं सरकणाऱ्या पायांचा होता, चिखलाचा, रोवण्याचा.

"पी गा उदाराम!" तो ओरडला. "पी!"

उदारामनं गडवा वर केला अन् एका दमात रिकामा केला. असा आवाज उठला आखरावर की म्हणे तिरोड्याच्या टेसनात उभी गाडी वेळेआधी सुटली. राणीनं लुगडं खोचलं. राजाला ओळीत उभं केलं. शेवटी पाटलांनाही ओढलं, टिकारामलाही. अख्खा आखर वाकून मागं मागं सरकत होता.

सगळं उतरल्यावर टिकाराम दसरूजवळ आला. म्हेवणाच, पण त्या दिवशी त्यानं वाकून ढोलकीला हात लावला.

"भाटवा, पुढल्या आठवड्यात आमची मंडई आहे," म्हणाला. "या तुमी. मी बाजूले बसून झांज वाजवतो."

*

घरी जाताना दसरू अन् दुर्पता कापलेल्या बांधीतून चालले होते. पायाखाली धानाची खुटं मोडत होती. ढोलकी त्याच्या गळ्यात.

"तुमचा त राह्यलाच," दुर्पता म्हणाली.

"काय?"

"शेवट."

"राह्यला कुठं? तुले सांगतला ना." तो थोडा चालला. "अर्धा असता त मी भांडलो असतो वो. तोंड दाबलं असतं थ्या रुख्माचं. पुरा होता, मनून सोडता आला."

दुर्पतानं ढोलकीचा पट्टा त्याच्या मानेवर सरळ केला.

"आता आयक," तो म्हणाला, अन् त्याचा चेहरा पुन्हा तसाच झाला, पिपरटोल्याच्या मंडईत गाणं अर्धं सोडून निघून गेला होता तेव्हासारखा. "उंदराची वरात आहे ना माह्याजवळ. थे मी नदीच्या काठापर्यंत आनून ठेवतो. पुढल्या रोवन्याले न्यान का तुमी? रुख्मा मावशीले मनावं, पाहिजे तशी पार कर. मंग मी येतो भांडाले."

अन् तसंच झालं. उंदरांची वरात नदीपार गेली, त्याच्या पुढच्या साली आणखी एक, अन् त्याच्या पुढच्या साली आणखी एक. दर रोवण्याला बायकांचा एक शेवट, मग धुऱ्यावर भांडण, मग दसरूचा. मंडईत कधी हा, कधी तो.

हे सगळं खरं. घ्या तो निखारा हातात, भ्यायची नाही. फक्त ते पोकळ झाड, ती फांदी अन् तो रिकामा गडवा, तेवढं मात्र माझ्या पदरचं आहे; गोष्ट अर्धी कशी ठेवायची म्हणून बसवलं. दसरूचा खरा शेवट दुर्पताशिवाय कोणाला माहीतच नाही. दुर्पताला तिच्या म्हातारपणी किती जणांनी विचारलं. टिकारामनं विचारलं, रुख्मानं मरताना विचारलं. ती नुसती हसायची, सुपातले खडे वेचत राहायची.

"थो माहा आहे," म्हणायची.